फुगडीला कोण?

अंबरनाथच्या कुंदाताई अंगाने चांगल्याच सुटल्या होत्या, आणि एरवी त्याचं त्यांना काही वाटलंही नसतं. पण सत्त्याऐंशीच्या श्रावणात शेजारच्या वृंदाबरोबर फुगडी घालताना हात सुटले, आणि ती किडकिडीत बाई थेट कपाटावर जाऊन आदळली. तेव्हापासून कुंदाताईंनी हात पुढे केला की बायका पदर सावरत मागे सरकायच्या. पुढच्या श्रावणात तर लेकीची, सुनेत्राची, पहिली मंगळागौर. फुगडी म्हणजे कुंदाताईंचा लहानपणापासून जीव की प्राण. आपल्याच घरात, आपल्याच लेकीच्या मंगळागौरीला आपला हात कोणी धरू नये, या विचारानं त्यांना रडू यायचं.

मग सुरू झाली सल्ल्यांची खैरात. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी भात बंद केला. वृंदा म्हणाली, "अहो, भातानं कुठं वजन वाढतं? फुगवतो तो गहू." पोळीही गेली. कापडवाल्या सिंधी भाभीनं बजावलं, "घी मत छोडना, सूखा खाने से बदन में हवा भरती है." भाभी स्वतः सडपातळ, म्हणून तूप राहिलं. रविवारच्या पेपरात मध-लिंबाची महती आली, आणि पुढच्याच रविवारी त्याच पानावर मधानं चरबी वाढते असं छापून आलं. तोवर बाटली निम्मी रिकामी. भात-पोळी दोन्ही गेल्यावर खायचं काय, म्हणून कुंदाताईंनी उपास वाढवले. उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आली, दाण्याची आमटी आली. स्टेशनवरच्या काट्यानं वजन उलट वाढलेलंच दाखवलं.

"आता फक्त हवा खायची राहिलीय," असं त्यांचे यजमान शशिकांतराव म्हणाले, आणि दोन दिवस त्यांना अबोला सोसावा लागला.

मंगळागौरीला बदलापूर गावातून सुनेत्राच्या सासूबाई आल्या. लग्नात होत्या त्याहून पद्मजाबाई बऱ्याच भरल्या होत्या. जेवताना त्यांनी भात वाढू दिला, पुरणपोळीला मात्र हात लावेनात.

"पोळी नको का, विहीणबाई?" कुंदाताईंनी हळूच विचारलं.

"डॉक्टरांनी बंद केलीय. भातच हलका म्हणाले."

"आमच्या डॉक्टरांनी भात बंद केलाय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मध?" कुंदाताई म्हणाल्या.

"दोन बाटल्या."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुंदाताईंनी विहिणीच्या पानात पोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि विहिणीनं वाढणाऱ्या बाईला त्यांच्या पानात भात वाढायला लावला.

दुपारी खेळ रंगले. झिम्मा झाला, फेर झाला. फुगडीची वेळ आली तशा बायका हळूच भिंतीला लागल्या. कुंदाताईंनी मधोमध उभं राहून सगळ्यांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "खेळा तुम्ही, मी गाणी म्हणते." आणि त्यांनी खोचलेला पदर सोडला.

खुर्चीत मानानं बसवलेल्या पद्मजाबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"तुम्ही बसा हो, विहीणबाई," कोणीतरी म्हणालं.

"बसून बसूनच तर ही गत झालीय."

दोघींनी पायाला पाय जुळवले, हात गुंफले, अंग मागं टाकलं. इकडची तसूभर ओढली जाईना की तिकडची. मग फुगडीनं असा वेग घेतला की मांडणीवरची भांडी वाजायला लागली, सुनेत्रा टाळ्या पिटत नाचायला लागली आणि वृंदासकट साऱ्या बायका मोठमोठ्यानं गायला लागल्या.

थांबल्यावर धापा टाकत पद्मजाबाई म्हणाल्या, "तोलामोलाची सोयरीक म्हणतात ती हीच बरं का."

कुंदाताईंना हसू आणि रडू एकदमच आलं.