शिरीषाखालचा बाक

शिरीषाच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळू लागल्या की मालतीताई आठवते: गणवेशाऐवजी साधी निळी सुती साडी, मांडीवर डबा, आणि रुग्णालयाच्या आवारातल्या बाकावर पाय जोडून बसलेली. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या छोट्या सरकारी रुग्णालयात आम्ही दोघी कंत्राटी परिचारिका. कंत्राट अकरा महिन्यांचं, मग एका दिवसाचा ‘ब्रेक’. सलग सेवा झाली असं कुणी म्हणू नये म्हणून. त्या दिवशी माणसाने घरी स्वस्थ पडावं! पण ती सापगावहून नेहमीच्याच एसटीने यायची आणि बाहेर बसायची. पाच जणींचं काम आम्ही दोघी ओढत होतो, आणि तिच्या ब्रेकला मी एकटी उरायचे.

तो दिवस दर खेपेला एक महिना मागे सरकायचा. पहिला चैत्रात, पुढचा फाल्गुनात, मग माघात. अशी ऋतूंची उलटी प्रदक्षिणा तिने त्या बाकावर बसून घातली. तिची नजर मात्र ऋतूंवर नसायची. ती प्रसूतिकक्षाच्या खिडकीकडे कान देऊन असायची, आणि आतलं कण्हणं वाढलं की तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळवायची.

एका आश्विनात, लवकर तयार होणारं हळवं भात पिवळं पडत असताना, सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरून एक पहिलटकरीण आली. मी वॉर्डात एका अत्यवस्थ म्हाताऱ्यापाशी अडकलेली. पोरीची सासू थेट बाकाशी गेली. “बाय, तुमी तरी चला ना आत!” मालतीताई उठली, कोपरापर्यंत हात धुतले, आणि तिचा तळवा पोटावर टेकताच त्या पोरीचा श्वास संथ झाला. तासाभराने मुलीचं पहिलं रडणं मी वॉर्डातूनच ऐकलं.

मी प्रसूतीची नोंदवही पुढे केली. ती हसली. “माझं नाव नको गो. मी आज हितं नायच. तुझं लिव.”

मी लिहिलं. लिहिताना मला लाज वाटली, पण लिहिलं.

कायम भरतीची जाहिरात अखेर निघाली, तोवर अकरा वर्षं सरून तिचे बारा ब्रेक पुरे झाले होते. माझं वय अटीत बसलं; तिचं चार महिन्यांनी उलटलं. आता ती आटगावला एका खासगी दवाखान्यात केसपेपर लिहिते. तिची इथली जागा अजून रिकामीच आहे.

परवा ती मुलगी पाचव्या वर्षाच्या लशीला आली होती. आजीने बाकाकडे पाहत विचारलं, “ती बाय नाय आली आज?” मी मान खाली घालून लस भरत राहिले. बाहेर शेंगा वाजत होत्या. कागदाच्या मते त्या बारा दिवसांत मालतीताई इथे नव्हती. मला ती आठवते ती त्याच बारा दिवसांतली, आणि त्यातल्या एका दिवसावर नाव माझं आहे.