साळूचा उजवा हात

कपाटावर जी गुंडाळी धूळ खात पडलीय ना, ती बांबू नव्हे की फाटकी चटई नव्हे. मी गुंडाळफळा आहे. काळं रेक्झीन, वर-खाली दोन लाकडी पट्ट्या आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. भिंतीवरचे फळे मला हिणवतात, हिणवू देत बापडे. त्यांचा जन्म एका वर्गात जातो. मी लोकांच्या बगलेत बसून अख्खं शहर हिंडलोय.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून मला द्वारकानं उचललं. पैठणकडची धनगराची पोर, डी.एड.ला शहरात आली होती. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि वाळूजला कंपन्या नुकत्या कुठं उभ्या राहत होत्या. तिचे वडील बिरू तिला वसतिगृहात सोडायला आले, तेव्हाच सांगून गेले की पास झालीस तर मास्तरीण हो, नाय झालीस तर मेंढरं हायतच आन् सोयरीकबी बघून ठेवलीय. हसत म्हणाले, पण द्वारका काही हसली नाही. बाप बोलला म्हणजे करणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मास्तर व्हायचं तर खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवून दाखवावं लागतं. त्याला 'पाठ घेणं' म्हणतात. पहिल्या पाठाला द्वारकानं माझ्यावर लिहिलेली ओळ वरून निघाली ती थेट खालच्या पट्टीवर येऊन टेकली. पोरं खिदळली. खोलीवर आल्यावर ती मला ओल्या फडक्यानं पुसत बसली आणि पुसता पुसता रडली. पण पोर जिद्दीची. हळूहळू अक्षर सुधारलं, आवाजातला कंप गेला, पोरं तिच्या तोंडाकडं बघायला लागली. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग आला वार्षिक पाठ. त्याला बाहेरून परीक्षक येतात आणि त्या एका तासावर सगळं ठरतं. प्रश्न विचारल्यावर वर्गातले सगळे हात वर आले, की परीक्षक खूश. वसतिगृहातल्या चतुरा नावाच्या मैत्रिणीनं द्वारकाला एक युक्ती सांगितली. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. मागं बसलेल्या परीक्षकाला नुसते हातच हात दिसतात. आपण फक्त उजव्याला विचारायचं.

द्वारका आधी 'शी!' म्हणाली. मग तिला बापाचं बोलणं आठवलं.

चौथीच्या पोरांना तर हा खेळच वाटला. त्याच वर्गात साळू होती. धाकट्या भावंडाला सांभाळण्यात तिची शाळा सारखी बुडायची, त्यामुळं गणित कच्चं, त्यात पाठ अपूर्णांकांचा. द्वारकानं तिला जवळ बोलावून सांगितलं की तू आपला डावाच कर, डाव्यानंबी चालतंय. साळूनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.

पाठाच्या दिवशी द्वारकानं माझ्यावर एक गोल भाकरी काढली. काय सुरेख काढली होती! अर्धी कशी, पाव कशी, सगळं समजावलं आणि पहिला प्रश्न टाकला. भराभरा हात वर गेले. मागं परीक्षकांच्या भुवयाही वर गेल्या.

मी खिळ्याला टांगलेला, मला समोरचं सगळं दिसत होतं. साळूचा हात उजवा होता. दमू नये म्हणून दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिलेला.

द्वारकानं तो बघितला. पोर घोटाळली असेल, असं तिला वाटलं असावं. नाहीतर भीती वाटली असावी. तिनं दुसऱ्याच पोराला उठवलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. शेवटी, फळ्यावर येऊन कोण दाखवतं, असं विचारल्यावर साळू बसल्या जागेवरून अर्धी उठलीच. द्वारकानं तिच्या शेजारणीचं नाव घेतलं. तास संपेपर्यंत साळूचा हात काही खाली आला नाही.

परीक्षक म्हणाले, "वर्ग छान जागता ठेवलात, बाई."

द्वारका मला गुंडाळत होती, तेवढ्यात साळू जवळ येऊन उभी राहिली.

"बाई, माझा आज उजवा व्हता."

"व्हय गं. बघितला की."

"मंग?" साळू म्हणाली. "घरी भाकर मोडून मोडून पाह्यली. आय लई वरडली. पर आलं मला. अर्ध्याचं अर्धं म्हंजी पाव."

द्वारकाच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "उद्या विचारते हां तुला," असं म्हणाली आणि मला काखोटीला मारून झपाझप निघाली. उद्या कुठला आलाय? त्या शाळेतले पाठ त्याच दिवशी संपले होते, आणि हे तिला माहीत होतं.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. बिरूंनी गावभर पेढे वाटले. निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येकीनं आपण वर्षभरात कसं घडलो ते सांगायचं होतं. द्वारका अक्षराबद्दल बोलली, धीटपणाबद्दल बोलली, टाळ्या झाल्या. साळूचं नाव तिनं घेतलं नाही. खोलीवर येऊन मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. जसं काही मी कुणाला चुगली सांगणार होतो!

पुढं नोकरी लागल्यावर तिनं एकदा त्या शाळेत जाऊन चौकशी केली. साळूचे आई-बाप कामासाठी वाळूजकडं गेले, एवढंच कळलं. मग द्वारकाबाई बदली मागून वाळूजच्याच बजाजनगरातल्या शाळेत आल्या आणि तिथंच मुख्याध्यापिका झाल्या. पोरांची नावं घालायला आलेल्या बायांच्या तोंडाकडं त्या अजून निरखून बघतात. साळू काही आली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या शाळेत पाठ घ्यायला डी.एड.च्या पोरी आल्या. भागू नावाच्या पोरीचा फळा बसमध्ये राहिला, म्हणून बाईंनी मला खाली काढलं, पुसलं आणि तिला दिलं. वार्षिक पाठ दुसऱ्या दिवशी होता. भागूनं मला टांगलं, पोरांकडं वळली आणि म्हणाली, "येतंय त्यानं उजवा. नाही येत त्यानं डावा."

बाई दारातच उभ्या होत्या. आत आल्या आणि मागच्या बाकावर पोरांत दाटीवाटीनं बसल्या. भागूनं घाबरत घाबरत प्रश्न विचारला. सगळे हात वर गेले. त्यात बाईंचाही एक होता, डावा.

"बाई, तुम्ही..."

"डावा आहे माझा. मला विचार."

पोरं हसली. भागू हसली नाही. मग बाईंनी तिथंच बसून साळूची सगळी गोष्ट सांगितली, पोरांसमोर, काही न लपवता. शेवटी म्हणाल्या, "मी कशी घडले ते सगळ्यांना सांगत आले गं. पण त्या पोरीसमोर मी लई बारकी झाले व्हते. आजून तेवढीच हाय. मला लाज वाटते."

एका पोरीचा डावा हात तसाच वर राहिला होता. भागूनं तिला माझ्याकडं बोलावलं. पोरीनं खडू घेतला आणि उत्तर लिहिलं, साफ चुकीचं. भागू तिच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि दोघींनी मिळून पुन्हा सुरुवात केली.

आता मी परत कपाटावर आहे. रेक्झीनला भेगा पडल्यात, खडू नीट धरवत नाही. माझं एकच मागणं आहे. साळू तुम्हाला कुठं भेटली, तर तिला एवढं सांगा की तिचा उजवा हात आम्ही दोघांनीही बघितला होता.