जरासा गडद पर्याय

प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचं प्रूफ वहिनींनी खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. प्रत्येक प्रश्नाखालच्या चार पर्यायांपैकी एक बाकीच्या तिन्हींपेक्षा किंचित गडद होता. सरळ धरलं की काही कळायचं नाही, तिरपं धरलं की दिसायचं. त्यांनी उत्तरसूची शेजारी ठेवून पहिलं पान ताडून पाहिलं. जो गडद, तोच बरोबर. पुढच्या पानावरही तेच.

छापखान्याच्या पानजुळणी विभागाच्या त्या प्रमुख. त्यांचा दीर त्याच खोलीत कामाला लागल्यापासून मालकांसकट सगळे त्यांना वहिनीच म्हणत. दिराला ही नोकरी त्यांनीच मिळवून दिली होती, काम शिकवलं होतं त्यांनीच. आणि ही प्रश्नपत्रिका जुळवली होती ती या भाऊजींनीच.

युक्ती साधी होती. पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मजकुराला स्टाइल लावलेली असते: अक्षर कुठलं, केवढं, रंग कोणता. बरोबर पर्यायांना ‘उत्तर’ नावाची वेगळी स्टाइल लावली की सॉफ्टवेअर तेवढ्याच ओळी वेचून उत्तरसूची आपोआप तयार करतं. छापताना मात्र त्या ओळी इतर पर्यायांसारख्याच दिसायला हव्यात. वहिनींनी फाइल उघडली. अक्षर तेच, आकार तोच. रंगही काळाच, पण दुसरा काळा. मोठ्या मथळ्यांसाठी छपाईच्या चारही रंगांच्या शाया मिसळून करतात तो. पडद्यावर दोन्ही काळे जुळ्या भावांसारखे दिसतात.

चुकून झालं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मन मानेना. काम आलं त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना विचारलं होतं, “घरातलं कुणी या परीक्षेला बसतंय का? बसत असेल तर त्याने याला हात लावायचा नाही.” भाऊजींनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांची मुलगी चिंगी बसणार होती. आणि वहिनी गप्प राहिल्या होत्या.

खोलीत फोन न्यायला बंदी होती, कागद बाहेर काढायलाही. एवढी उत्तरं पाठ करून घरी नेणं अवघडच. पण ‘कागद तिरपा धर आणि गडद दिसेल ते निवड’, हे सांगायला कितीसा वेळ लागतो?

संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते.

“काकू, मला तर अजिबात टेन्शन नाही,” चिंगी म्हणाली.

“झाला वाटतं अभ्यास?”

“छे! पण बाबा म्हणतात, डोळे उघडे ठेवून पेपर बघितला तरी निम्मं काम होतं.”

“निम्मं कसलं? पाऊण!” भाऊजी हसले.

वहिनींना ठसका लागला. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. “काय गं, तिखट झालंय का?”

“नाही. जेवा तुम्ही.”

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी छापखान्यात पोचल्या. प्रश्नपत्रिकेचे तीन भाग तीन फाइलींत होते. तिन्ही उघडून त्यांनी ‘उत्तर’चा रंग साधा काळा केला आणि सेव्ह केलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. दुपारी फाइली छपाईला जातील, घरातलं घरात राहील, विषय संपला.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. चहानंतर त्यांनी पुन्हा फाइल उघडली. रंग परत गडद. तिन्ही फाइलींत. मधल्या वेळात त्या फक्त भाऊजींच्या मशीनवर उघडल्या होत्या. भाऊजी समोर बसून गुणगुणत पेन्सिलीला टोक काढत होते.

आता कसलं चुकून? वहिनी उठल्या आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. सगळं सांगितलं. चिंगीचंही.

मालकांनी भाऊजींना बोलावलं, दार लावून घेतलं आणि प्रूफ टेबलावर टाकलं. “तिरपं धरून बघा.”

भाऊजींनी बघितलं. चेहरा खर्रकन उतरला. “अरे बापरे! हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“सकाळी वहिनींनी दुरुस्त केलं होतं. तुम्ही परत होतं तसं केलंत.”

“मी? मी स्टाइलला हातसुद्धा लावला नाही. फक्त सिंक दाबलं. छपाईला देण्याआधी दाबतोच ना!” ते वहिनींकडे वळले. “तुम्ही कुठे बदललं होतंत?”

“फाइलींत.”

“मास्टरमध्ये नाही?”

सगळे भाग एका मास्टर फाइलला जोडलेले असतात. सिंक दाबलं की मास्टरमधल्या स्टाइली आपोआप सगळीकडे उतरतात आणि कुणी परस्पर केलेले बदल पुसून टाकतात. “दुरुस्ती करायची ती मास्टरमध्ये,” हे पहिल्या दिवशी भाऊजींना बजावलं होतं वहिनींनीच. आज सकाळी चोरासारखी घाई करताना मास्टर उघडायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

मालकांनी मास्टर तिथल्या तिथे उघडायला लावला. मास्टर गेल्या वर्षीच्या गणिताच्या रंगीत पुस्तकावरून घेतलेला होता. त्यात उत्तरं मोठ्या, दाट काळ्या अक्षरांत होती. भाऊजींनी अक्षर बदललं, आकार बदलला. रंग काळाच दिसत होता, म्हणून तसाच राहिला.

“मग घरातलं कुणी बसत नाही असं का म्हणालात?” मालकांनी विचारलं.

“हातचं काम गेलं असतं, साहेब. खोटं बोललो, चुकलंच माझं. पण म्हणून पेपर फोडायला मी...”

मालक वहिनींकडे वळले. “तुम्हाला हे कधी कळलं?”

“काल.”

“आणि मला आज सांगताय. तेही रंग परत आला म्हणून. आला नसता तर?”

वहिनींनी टेबलावरचं प्रूफ उचलून पालथं ठेवलं.

“दोघांतलं कोण कुणाला सांभाळून घेत होतं, हेच मला कळेनासं झालंय,” मालक म्हणाले.

त्यांनी परीक्षा मंडळाला फोन करून खरं ते सांगितलं. काम दुसऱ्या छापखान्याकडे गेलं. दोघांच्या नोकऱ्या राहिल्या. “सध्या तरी,” असं मालक म्हणाले.

जिन्यात भाऊजी थांबले. “मला विचारायचं होतंत, वहिनी. काल जेवताना समोरच तर बसलो होतो.”

“ते डोळे उघडे ठेवायचं म्हणालात, ते...”

“चिंगी प्रश्न अर्धवट वाचते. लहानपणापासूनची खोड आहे. तुम्हीच तर ओरडायचात तिला.”

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पंपांचा कॅटलॉग कामाला आला. त्यात लपवण्यासारखं काय असणार? तरी भाऊजींनी आल्या आल्या आपला मॉनिटर वहिनींच्या टेबलाकडे वळवून ठेवला. काम करताना त्यांची स्वतःचीच मान अवघडत होती. बऱ्याच वेळाने माऊसचा आवाज थांबला.

“सिंक दाबतोय, मॅडम,” ते म्हणाले. “बघून घ्या.”

वहिनींना मान वर करायची नव्हती. त्यांनी केली. आणि नको नको म्हणत रंगाचा रकानाही तपासला.