मध्यंतरानंतरचं घरी

चष्मेवाल्यांच्या दुकानात नवा चष्मा लावून पाहायचा तर गिऱ्हाइकाला एक पुठ्ठा वाचावा लागे. इतरत्र अशा पुठ्ठ्यावर कसलीतरी बेचव वाक्यं छापलेली असतात. चष्मेवाले मात्र दर डिसेंबरच्या शेवटी तो स्वतःच्या हातानं लिहीत. वर्षभरातले आपले आवडते पाच सिनेमे, एका ओळीत एक, वरून खाली अक्षर बारीक होत गेलेलं. चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या शहराला त्यांची आवडनिवड अशी पाठ झाली होती. सिनेमाचं नाव ते कधी लिहीत नसत. 'घोड्यांच्या डॉक्टरचा', 'दोन जावांचा', अशीच त्यांची भाषा.

या वर्षी मात्र यादीचं काही खरं नव्हतं. जानेवारीत बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण बाई काही सांधेना. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली होती, तिथं ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. काही विचारलं तर 'हूं', नाहीतर तेही नाही. जिनं आयुष्यभर चष्मेवाल्यांना बोलायला जागा दिली नाही, तीच गप्प झाल्यावर त्यांना घर खायला उठे.

मार्चमध्ये वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. शनिवारी तीनच्या खेळाला जाऊन या, तोवर मी बसते, पण पाचला माझी मुलं येतात, असं बजावलं. खेळ सुटायचा सहाला. चष्मेवाले मध्यंतरालाच उठून आले.

नुसतं काय बसायचं, म्हणून त्यांनी बायकोच्या पाठीला अर्धा सिनेमा सांगितला. दीपगृहात एकटा म्हातारा, बाहेर वादळ, मुलगा होडीत, आणि ऐन वेळी दिवा विझलेला. पुढं काय झालं देव जाणे, असं म्हणत ते चहा ठेवायला उठले.

"देव कशाला जाणे?" पाठ म्हणाली. "म्हातारा अंथरुणं पेटवेल. दुसरं आहे काय त्याच्याजवळ जाळायला?"

दोन महिन्यांतलं तिचं ते सगळ्यात लांब बोलणं. चष्मेवाल्यांच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

तेव्हापासून दर शनिवारी पूर्वार्ध ते आणत आणि उत्तरार्ध ती लावून देई. आधी ती कुशीवर वळली, मग उशीला टेकून बसली, आणि पुढं पुढं तर चारच्या सुमारालाच दाराकडं डोळे लावू लागली. पात्रांना ती घरच्यासारखी फैलावर घेई. एका नायकाला तिनं सरळ घराबाहेर काढलं आणि उरलेला सिनेमा त्याच्या आईवर चालवला. पोस्टमन एकदा दुकानात म्हणाला, दीपगृहातला मुलगा शेवटी बुडतो की हो. त्याच्या चष्म्याचा स्क्रू पिळत चष्मेवाले म्हणाले, तुमच्याकडं बुडला असेल, आमच्या घरी वाचला.

ऑगस्टमध्ये शिकवणीच्या बाई जिन्यात भेटल्या. पाचची मुलं दुसरीकडं जाऊ लागलीत, आता खुशाल अख्खा सिनेमा बघा, म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हे आत सांगू नका, अशी गळ घातली. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शब्द पाळला. चष्मेवाले पुढच्या शनिवारीही पाचच्या आत घरी हजर.

डिसेंबरात बायको काठीशिवाय चालू लागली, आणि एका सकाळी खाटेवर तिची भरलेली पिशवी दिसली. नव्या वर्षापासून ती बहिणीकडं राहायला जाणार होती.

"एकच तर शौक तुमचा," ती म्हणाली. "माझ्यापायी वर्षभर एक सिनेमा धड बघितला नाहीत. आता तरी सुखानं बघा."

त्यांना खूप बोलायचं होतं, पण बोलण्यात ते तिच्यापुढं कधी टिकलेच नव्हते. दोन दिवस मान खाली घालून ते पुठ्ठा लिहीत बसले. ती निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, जायचं तर जा, पण जवळचा नंबर तपासून जा, तिकडं कोणीही फसवेल.

ती खुर्चीत बसली. त्यांनी तपासणीच्या फ्रेममध्ये काचा बसवल्या आणि पुठ्ठा तिच्या हातात दिला.

"दीपगृहातल्या म्हाताऱ्याचा," तिनं वाचलं. "अंथरुणं पेटवतो, मुलगा किनाऱ्याला लागतो." मग आईवर चाललेला. मग तीन भावांचा. तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज ठणठणीत होता. चौथ्या ओळीला तिनं घसा खाकरला, कारण एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं की सगळे शेवट तिचेच आहेत. पाचव्या ओळीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी होतं.

"हे नाही दिसत."

त्यांनी काच बदलली.

"ऑगस्टपासून पूर्ण सिनेमा बघायची सोय होती," ती अडखळत वाचू लागली. "मध्यंतराला मीच उठून आलो. उत्तरार्ध आपल्या घरी जास्त चांगला होतो."

तिनं फ्रेम काढून मांडीवर ठेवली. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, नंबर बरोबर वाटतो का?

"नंबर बरोबर आहे. तिसरी ओळ चुकलीय," ती म्हणाली. "धाकटा भाऊ परत येतो असं मी कधी म्हटलं? तो नुसतं पत्र पाठवतो." तिनं फ्रेम पुन्हा डोळ्यांवर चढवली. "बहिणीला कळवा, मी येत नाही म्हणून. आणि ते पेन द्या इकडं."