लाट दोनलाच येते

दृश्यं – ८

दर शुक्रवारी पुरवणीच्या शेवटच्या पानावर माझा एक चौकोन असतो. वर एका व्हिडिओ गेमचं परीक्षण, खाली पाच ओळींचा तक्ता: दृश्यं, आवाज, कंट्रोल, कथा, कालावधी. तक्त्याखाली दहापैकी गुण. लोक फक्त गुण वाचतात. काही जण फक्त गुण वाचून मला चार पानी पत्र लिहितात.

त्या आठवड्यातला गेम सर्फिंगचा होता. शहर पाण्याखाली गेलंय, गच्च्या तेवढ्या वर राहिल्यात आणि एक मुलगी फळीवर उभी राहून लाटांवरून निघालीय. कुठे, तर शहराच्या टोकाला पाण्यात उतरणारी एक पायरी आहे, तिथे. का, ते कुणी सांगत नाही. पाणी मात्र असं काढलं होतं की खेळता खेळता मी दोनदा पाय वर घेऊन बसले.

आवाज – ९

इतरांनी काय लिहिलंय ते आधी वाचायचं नाही, असा माझा नियम आहे. तो मी दर आठवड्याला मोडते.

एकाने लिहिलं होतं, "हा गेम नाही, लांबलचक उसासा आहे." नऊ गुण.

एकीने लिहिलं होतं, "चहा निवायच्या आत संपला." चार.

एका व्हिडिओवाल्याने चाळीस मिनिटं समजावून सांगितलं होतं की लाट दोनला येते, कारण तिनाची वाट बघणाऱ्या माणसाला व्यवस्था दोनलाच गाठते. गुण त्याने दिले नव्हते. गुण हीसुद्धा व्यवस्थाच.

लाट दोनला येते म्हणजे काय, ते सांगते. प्रत्येक मोठ्या लाटेआधी वारा पडतो आणि कुठून तरी एका मुलीचा आवाज येतो: "तीनला हं." मग "एक." मग "दोन." आणि दोन म्हणतानाच लाट आदळते. तीन येतच नाही. तुम्ही तिनाला गुडघे वाकवायच्या तयारीत असता आणि तोंडावर आपटता. पुढच्या लाटेला पुन्हा तोच आवाज तितक्याच मायेने म्हणतो, "तीनला हं." आणि तुम्ही पुन्हा विश्वास ठेवता.

कंट्रोल – ३

मी लिहिलं: *या गृहस्थांना तीनपर्यंत मोजता येत नाही.*

मग लिहिलं: *सर्फिंगच्या गेममध्ये नायिका पाण्यात पडत कशी नाही? आपटते ती फळीवरच. बनवणाऱ्याने जन्मात कधी पाण्यात पाय बुडवलेला नसावा.*

हे वाक्य मला फार आवडलं. मोठ्याने वाचून बघितलं.

कथेला तीन. कालावधीला दोन. पाचांची सरासरी पाच. मला येतं मोजता. दुपारी पावणेतीनला मजकूर पाठवून दिला. पान साडेपाचला छपाईला जाणार होतं.

कथा – ३

तीन वाजता मावशीचा फोन आला.

"कामात आहेस का गं?"

"नाही, बोल."

"तुला सांगू नको म्हणालाय माऊ. म्हणून फोन केला."

माऊ माझा मावसभाऊ. वय चौतीस, उंची सहा फूट, दाढी. लहानपणी आंघोळीची बादली भरल्याचा आवाज आला की हा कपाटावर चढून बसायचा, म्हणून माऊ. त्याला घरात दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या फोनमध्येही तो माऊच आहे, पुढे मांजराचं चित्र. दाखल्यावर एक नाव आहे म्हणतात.

"त्याने नोकरी सोडली," मावशी म्हणाली. "दीड वर्ष झालं. मला आज सांगतोय. रोज सकाळी डबा घेऊन मित्राच्या खोलीवर जाऊन बसायचा म्हणे. मी आपली दीड वर्षं डबे भरतेय."

"आणि तिथे काय करायचा?"

"खेळ केलाय कसला तरी. कॉम्प्युटरवरचा. तू त्यातली जाणकार, म्हणून म्हटलं, दोन शब्द बरे लिही. खूश होईल."

"कसला खेळ?"

"पाण्याचा."

"माऊने? पाण्याचा?"

"मीपण तेच म्हटलं. म्हटलं, अरे, तू अजून डोक्यावर पाणी घेताना नाक धरतोस."

मी पाठवलेला मजकूर पुन्हा उघडला. "मावशी, माऊचं दाखल्यावरचं नाव काय गं?"

आठवावं लागलं तिला. मग तिने सांगितलं.

गेमच्या शेवटी जी नावं येतात, त्यांत एकच नाव होतं: निर्मिती, दृश्यं, आवाज, बाकी सगळं. हेच. परीक्षणात मी ते दोनदा लिहिलं होतं आणि एकदा कंटाळून "हे गृहस्थ" म्हटलं होतं.

कथा – ३ (पुन्हा तपासावी)

मी अकरा वर्षांची होते, माऊ नऊ. पोहण्याचा तलाव, उथळ बाजू, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. माऊ पहिल्या पायरीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून. तीन दिवस तो तिथून हलला नव्हता आणि त्याच्यापायी मलाही खोल बाजूला जाता येत नव्हतं.

मी म्हटलं, "डोळे मीट. मी आहे ना. तीनला ढकलते. तीनला हं."

त्याने कठडा सोडला. डोळे मिटले.

"एक," मी म्हटलं. "दोन."

कालावधी – अडीच तास

पान जायला तेवढाच वेळ उरला होता. मी आमच्या संपादकांना फोन लावला.

"सर, तो सर्फिंगवाला गेम माझ्या नात्यातल्या माणसाचा निघाला."

"किती जवळचा?"

"मावसभाऊ."

"आणि पाच दिलेत?" ते म्हणाले. "मग जवळचाच असणार."

"आता काय करू?"

"ठेवायचं असेल तर नातं छापा. काढायचं असेल तर सव्वापाचच्या आत सांगा, तिथे चपलांची जाहिरात तयार आहे. गुण बदलायचे असतील तर... ते तुमचं तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही."

विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी माऊला फोन केला.

"ताई."

"गाढवा."

"सांगितलं ना आईने? किती वाजता?"

"तीनला."

"मी तिला अडीचला सांगितलं. अर्धा तास दम धरला? तब्येत बरी आहे ना तिची?"

"माऊ, मी पाच दिलेत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. सगळं. कुठलंही वाक्य गाळलं नाही, फक्त आवाज बारीक होत गेला. पाण्यात पाय न बुडवलेल्या माणसापाशी आल्यावर तो हसला.

"बुडवलाय. आठवड्यातून तीनदा. आठ महिने झाले. माझ्या बॅचला सगळे सहा वर्षांचे आहेत. मला काका म्हणतात. एकाने मला त्याचा फुगा दिलाय, दंडाला लावायला."

"आणि हे गृहस्थ?"

"गृहस्थ आवडलं. घरात कुणी म्हणत नाही."

"आणि मोजता येत नाही?"

"त्याची तक्रार माझ्याकडे कशाला? मोजणारी तू आहेस."

मी त्या वाक्यावर बोट ठेवून बसले. मग तो म्हणाला, अगदी भाजी काय आणू विचारावं तसं, "पंचवीस वर्षं झाली. कुणीही मोजायला लागलं की मी दोनला अंग चोरतो. लिफ्टमध्ये सुद्धा. गेम करताना ते काढून टाकायचं होतं. दहा वेळा काढलं. मग गेममध्ये काही उरायचंच नाही."

"सॉरी, माऊ."

"अकरा वर्षांची होतीस."

"तरी."

"बरं. घेतलं."

मी म्हटलं, "मी सात करते."

"सात तू ओळखीच्यांना देतेस, ताई. सगळ्यांना माहितीये. तो मासेमारीचा गेम आठवतोय? तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा? सात. त्यात मासेच नव्हते." त्याने श्वास घेतला. "तुझं खरं मत ऐकायला मी दीड वर्ष आईचे डबे वाहिले. दाखल्यावरचं नाव टाकलं. आता सात दिलेस तर गेम कसा झालाय, ते मला कधीच कळणार नाही."

"मग काढूनच टाकू?"

"आणि तिथे काय येईल?"

"चपला."

"नको," माऊ म्हणाला. "एवढं नको."

कथा – ३, ४, ६, ५

चार वाजता मी गेम पुन्हा सुरू केला. या वेळी आवाज कुणाचा आहे ते माहीत होतं. काय मायाळू कार्टी होते मी. "तीनला हं." प्रत्येक वेळी माझा माझ्यावर विश्वास बसत होता.

शेवटची पायरी आली. मुलगी फळीवरून उतरते, पायरीवर उभी राहते. एक. दोन. पडदा काळा. मघाशी इथे मी लिहिलं होतं, *शेवट करायचा कंटाळा आलेला दिसतो.* आता मी काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. तीन येणार नव्हतं. ते माझ्याकडेच राहून गेलं होतं.

पण खरं सांगायचं तर फळी वळवताना बटणं अजूनही अडकत होती. मधली वीस मिनिटं अजूनही गच्च्या, गच्च्या आणि गच्च्या. मावसभाऊ असला म्हणून गच्च्या कमी होत नाहीत.

कथेचे तिनाचे पाच केले. पाचांची सरासरी पाच पूर्णांक चार आली. अपूर्णांक आम्ही छापत नाही.

दोन वाक्यं खोडली. गृहस्थ ठेवले. पाच वाजून बारा मिनिटांनी पाठवून दिलं.

एकूण – ५

छापून आलं ते असं:

*लाट दोनला येते. काही जणांना हा दोष वाटेल, काहींना तत्त्वज्ञान. दोन्ही नाही. तसंच झालं होतं. बाकी गेम ठिकठिकाणी रेंगाळतो, आणि रंगात येतो तिथे नेमका संपतो. खुलासा: निर्माता हा माझा मावसभाऊ. ढकलणारी मी.*

मावशी दोन दिवस फोनवर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. "परक्यांनी नऊ दिले," ती म्हणाली, आणि ठेवून दिला.

व्हिडिओवाल्याने नवा व्हिडिओ केला. ढकलणारी म्हणजे इतिहास, असं त्याचं म्हणणं पडलं. एक तास दहा मिनिटं.

माऊने परीक्षण कापून मित्राच्या खोलीत भिंतीवर लावलं आणि बटणं दुरुस्त करायला बसला. गच्च्यांबद्दल त्याचं माझं अजून वाजतं.

रविवारी सकाळी त्याने मला तलावावर बोलावलं. पोहण्याचा चष्मा लावून, पोट आत ओढून तो काठावर उभा होता. बाजूला सहा वर्षांची सात-आठ जणं, ओळीने.

"ही माझी ताई," त्याने ओळख करून दिली. मुलांनी माझ्याकडे असं बघितलं की सगळी हकीकत आधीच सांगितलेली असावी.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याचा हात धरला.

"खरंच तीनला हं," मी म्हटलं. "एक."

आणि मी पाण्यात होते.

वर आले तेव्हा नाकातोंडात पाणी, कानात पोरांचं खिदळणं. माऊ काठावर उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता, दाढीवर दोन थेंब.

"किती?" मी खोकत विचारलं.

त्याने विचार केला. खरंच केला.

"पाच," तो म्हणाला. "टायमिंग चांगलं होतं. पण फार लवकर संपलं."