बक्षिसाची पुस्तकं आणि उंच खिडकी

मुलांनो, समजा तुम्ही शाळेत पुस्तकांच्या खोलीत बसला आहात आणि बाहेरून कुलूप पडलं. लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी वर्षी पंचशीला नावाच्या मुलीवर हीच वेळ आली. बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार मिळालेली पुस्तकं शाळेत नुकतीच आली होती. पंचशीला कोपऱ्यात बसून त्यांच्यावरची धूळ पुसत होती. गुरुजींना ती दिसलीच नाही. कुलूप लावून ते सायकलवर निघूनही गेले.

तेवढ्यात बाहेर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला.

"पंचे, कुठं मेलीस गं?" शेजारची नागुबाई रांगेतून ओरडली. "तुझी घागर मागं सारायलेत लोक!"

"मावशी, मी कोंडले हाय!"

"मंग खिडकीतून उडी टाका की, राणीसाहेब!"

खिडकीला गज नव्हते, पण ती फार उंच होती. चढायला खोलीत पुस्तकांशिवाय काही नव्हतं. पुस्तकाला चुकून पाय लागला, तरी पंचशीलाच्या घरी ते कपाळाला लावत. आणि त्या घरात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता.

तिनं खिडकीखाली पुस्तकांची चवड रचली, सगळ्यात वरच्या पुस्तकावर कपाळ टेकवलं आणि डोळे मिटून त्यावर पाय ठेवला.