एक जानेवारीची सरुबाई

भामरे साहेबांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. सातपूरच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ते मॅनेजर म्हणून आले, त्याला जेमतेम आठ महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी हॉस्पिटल 'पेपरलेस' करून दाखवलं होतं. जुने केसपेपर रद्दीत गेले. वर कॉम्प्युटरमधल्या तीनशे बारा दुबार नोंदी साहेबांनी एका फटक्यात एकत्र केल्या. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, तालुका तोच, जन्मतारीख तीच, म्हणजे बाई तीच. एवढी अक्कल पाजळायला माणूस पुण्याहून आणला होता.

चांगुणा सिस्टरांनी पेढा तसाच ठेवून दिला. बायकांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईला जन्मतारखांचं गौडबंगाल पाठ होतं. सुरगाण्याकडून जीप भरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख विचारली की त्या तोंडाला पदर लावून हसत. तारीख टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही, म्हणून नोंदणीच्या खिडकीवरची पिंकी अंदाजानं साल धरून सगळ्यांना सरसकट एक जानेवारी ठोकून द्यायची. सिस्टरांनी हे मीटिंगमध्ये सांगितलंही होतं.

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या. सिस्टीमचं मी बघतो," साहेब म्हणाले होते, आणि पुढे बसलेले चार चमचे हसले होते.

मंगळवारी सरुबाई केरू गावित ही बाई भरती झाली. पायात काटा मोडून पाय भोपळ्यासारखा सुजलेला. डॉक्टर संजना मॅडम पोरगी गुणी, पण नजर पेशंटपेक्षा स्क्रीनवर जास्त.

"दोनच महिन्यांपूर्वी पेनिसिलीन दिलंय हिला. ॲलर्जी नाही. टेस्ट नको, सरळ द्या."

सिस्टर इंजेक्शन भरून खाटेपाशी गेल्या आणि हनुवटीवरचं गोंदण बघून त्यांचा हात थबकला. दोन महिन्यांपूर्वी आलेली सरुबाई खालच्या पाड्यावरची, काटकुळी. ही वरच्या पाड्यावरची. तीन वर्षांपूर्वी याच औषधानं ही बाई त्यांच्या डोळ्यांसमोर निळी पडली होती. केसपेपरवर लाल पेनानं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. तो कागद आता कुठल्या तरी भेळवाल्याकडे असणार.

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. अर्ध्या तासात इंजेक्शनची नोंद झाली नाही की साहेबांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर लाल खूण पेटे. ती पेटली आणि साहेब टाय सावरत, संजना मॅडमना घेऊन वॉर्डात हजर झाले.

"काय अडचण आहे, सिस्टर?"

"सर, ही ती बाई नाही. हिला हे दिलं तर मरेल."

"रेकॉर्ड स्पष्ट आहे. तुमच्या आठवणीवर हॉस्पिटल चालवायचं का?"

सिस्टरांना त्या माणसाची शिसारी आली. पेशंट दोन हातांवर होती आणि या गृहस्थानं तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्या खाटेकडे वळल्या.

"सरुबाई, मागं इथं सुई टोचल्यावर काय झालं व्हतं गं?"

"जीवच चालला व्हता, बाई," म्हातारी म्हणाली. "आंग सुजलं, दम लागला. तूच त बसली व्हती ना उशाशी!"

संजना मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं. साहेब मात्र म्हणाले, "अशिक्षित पेशंट काहीही सांगतात," आणि निघून गेले. लाज म्हणून कशी ती नाही.

संध्याकाळी सिस्टरांना मेमो आला. इंजेक्शन वेळेत न दिल्याबद्दल खुलासा मागितला होता. पेपरलेस हॉस्पिटलचा मेमो चांगल्या जाड कागदावर होता, सही-शिक्क्यासकट, तीन प्रतींत.

सिस्टरांनी कागद उलटा केला. पाठ कोरी होती. एप्रनच्या खिशातून लाल पेन काढून त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'सरुबाई केरू गावित, वरचा पाडा. पेनिसिलीन देऊ नये.' आणि तो मेमो त्यांनी सरुबाईच्या उशाशी चिकटपट्टीनं पक्का चिकटवून टाकला.